बारावीनंतर फौज: आधी वयाचा हिशेब, मग मैदान

प्रश्न थोडक्यात असा. कराड तालुक्यातला मुलगा, बारावी विज्ञान, निकाल ६१ टक्के: इंग्रजी ६०, मराठी ६८, फिजिक्स ४६, केमिस्ट्री ५८, गणित ६२, बायोलॉजी ७२. उंची १६९ सेंमी. १६०० मीटर ६ मिनिटं ५ सेकंदांत, बीम (दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं) चार. त्याला अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणारा सैनिक, व्हायचंय. वडील म्हणतात, चार वर्षांनी घरी बसायचं असेल तर आत्ताच कॉलेज कर. मामा म्हणतात, एनडीए (बारावीवरून अधिकारी घडवणारी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) दे. वय १८ वर्षं २ महिने. धाकटी बहीण दहावीत जातेय, तिलाही वर्दीची ओढ आहे. जूनचा पहिला आठवडा आहे, आता काय करायचं?

धावण्याची वेळ, उंची, टक्के हे सगळं तू सुरुवातीला लिहिलंस आणि वय शेवटी, जाता जाता. फौजेत उलटं चालतं. टक्के एकदा पडले की पडले, धाव चार महिन्यांत सुधारते, पण वयाचं दार एकदा लागलं की पुन्हा उघडत नाही. म्हणून कुठलं दार आधी बंद होतंय ते बघायचं आणि त्याच क्रमाने अर्ज करायचे.

सगळ्यात आधी बंद होणारं दार एनडीएचं. तिथली अट आहे, कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि अविवाहित. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या वर्षी जुलैत सुरू होतो, एप्रिलच्या परीक्षेचा त्यानंतरच्या जानेवारीत. आता तुझं गणित मांड. पुढच्या जुलैत तू १९ वर्षं ३ महिन्यांचा असशील, म्हणजे बसतोस. त्यापुढच्या जानेवारीत १९ वर्षं ९ महिने, म्हणजे बाहेर. तुझ्या हातात एनडीएचा एकच प्रयत्न आहे, येत्या सप्टेंबरचा. त्याचा अर्ज साधारण मे-जूनमध्येच भरून घेतात, तेव्हा हे वाचून झालं की आधी यूपीएससीची अधिसूचना उघड आणि जन्मतारखेची ओळ वाच. वय महिन्यांत मोजायचं नाही. तिथे 'या तारखेच्या आधी जन्मलेला नसावा' अशी नेमकी तारीख छापलेली असते, तीच खरी. फी शंभर रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि मुलींना तीही नाही.

भूदलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. हवाई दल आणि नौदलाला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं, ते तुझ्याकडे आहे. बारावीच्या टक्क्यांची अट नाही, त्यामुळे फिजिक्सचे ४६ इथे आड येत नाहीत.

तीन महिन्यांत एनडीए निघते का? खरं सांगायचं तर अवघड आहे. पण शंभर रुपये आणि एक रविवार खर्चून दार ठोठावायचं नाही, हे त्याहून वाईट. गणिताचा पेपर ३०० गुणांचा: अडीच तासांत १२० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे सव्वा मिनिट. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर एक तृतीयांश कापले. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, १५० प्रश्न. त्यात २०० गुण इंग्रजीचे आणि ४०० गुणांत फिजिक्स, केमिस्ट्री, सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांची गाडी गणितापेक्षा इंग्रजीत अडते, तेव्हा रोज एक तास शब्द आणि व्याकरण ठेव. गणितात सगळा अभ्यासक्रम पुरा करण्याच्या नादाला लागू नकोस. त्रिकोणमिती, मॅट्रिक्स-डिटरमिनंट, संभाव्यता-सांख्यिकी, सदिश, सरळ रेषा हे पक्कं कर आणि कॅल्क्युलसमधले सोपे प्रश्न उचल. मागच्या काही वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडव. अंदाजाने गोळे काळे करण्याची बारावीची सवय इथे महाग पडते.

लेखी निघाली तर पुढे एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची चाचणी, तिचेही ९०० गुण. पाच दिवसांची ही निवड म्हणजे नुसती मुलाखत असा गावाकडे समज आहे. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट लिहिणं: चित्र ३० सेकंद दिसतं, लिहायला ४ मिनिटं, मग त्याच गोष्टीवर गटात चर्चा. बरीच मुलं त्याच दिवशी परतीची गाडी पकडतात. टिकलेल्यांना पुढे ६० शब्द, प्रत्येकावर १५ सेकंदांत एक वाक्य लिहायचं. ६० प्रसंग, त्यात तू काय करशील ते अर्ध्या तासात लिहायचं. मग मैदानावर फळ्या-दोऱ्या-ड्रम घेऊन गटाने अडथळे पार करणं. घोटाळा होतो तो पाठांतराने. क्लासमध्ये शिकवलेल्या गोष्टीतला नायक दर वेळी पूरग्रस्तांना वाचवतो आणि शेवटी लष्करात अधिकारी होतो. मानसशास्त्रज्ञाने त्या दिवशी तशा गोष्टी ढिगाने वाचलेल्या असतात. तू शेतात मोटर बंद पडल्यावर काय केलंस, मंडळाचा हिशेब कसा ठेवलास, हे असलेलं लिही. इंग्रजी मोडकं असलं तरी निभावतं, गप्प राहिलेल्याचं निभावत नाही. आणि तिकीट जपून ठेव, पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं परत मिळतं. हवाई दलाची फ्लाइंग शाखा मागणार असशील तर वैमानिक अभियोग्यतेची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तिच्याकडे गंमत म्हणून जाऊ नये.

निवड झाली तर तीन वर्षं खडकवासला, जेएनयूची पदवी, मग एक वर्ष डेहराडून (भूदल), एळिमला (नौदल) किंवा दुंडीगल (हवाई दल) इथली अकादमी, आणि लेफ्टनंट किंवा त्या तोडीचा हुद्दा. मूळ वेतन ५६,१०० आणि वर १५,५०० लष्करी सेवा वेतन, भत्ते वेगळे.

बारावीवरून अधिकारी होण्याची आणखी दोन दारं आहेत, ती तुझ्यासाठी बंद आहेत, पण का ते कळू दे. भूदलाच्या टेक्निकल एंट्रीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित मिळून ६० टक्के लागतात आणि जेईई मेन दिलेली असावी लागते. तुझे तीन विषयांचे १६६, म्हणजे ५५ टक्के. एकूण ६१ बघून फॉर्म भरणारे पुष्कळ जण इथेच फसतात. नौदलाच्या बी.टेक. एंट्रीला तर ७० टक्के लागतात. पुण्याच्या एएफएमसीचा (लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचा) रस्ता नीटमधून जातो, तो वेगळा विषय.

आता अग्निवीर. योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. मूळ वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस. इथेही त्या वर्षाच्या अधिसूचनेतली जन्मतारीखच अंतिम धरायची. भूदलाचे अर्ज साधारण वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत भरून घेतात, म्हणजे या वर्षीची गाडी गेली. पण पुढच्या वर्षी तू १९ चा असशील, म्हणजे इथे अजून वेळ आहे. म्हणूनच आधी एनडीए म्हटलं. हवाई दल आणि नौदल आपापल्या जाहिराती वेगळ्या वेळी काढतात, त्यांच्या वेबसाइटवर महिन्यातून दोनदा डोकावत जा. इंग्रजीत ५० आणि एकूण ५० टक्के ही हवाई दलाची अट तू पुरी करतोस. तिथली १.६ किमीची मर्यादा सात मिनिटांची आहे, म्हणजे आजही तू तिथे पास आहेस, खरी गाळणी लेखी परीक्षेची.

भूदलातल्या कुठल्या पदाला अर्ज करायचा हे गुणपत्रिकेवरून ठरतं. जनरल ड्यूटीला, म्हणजे साध्या सैनिकाच्या पदाला, दहावी ४५ टक्के, प्रत्येक विषयात ३३. टेक्निकलला बारावी फिजिक्स-केमिस्ट्री-गणित-इंग्रजीसह एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०, हे तुझं बसतं. क्लार्क-स्टोअरकीपरला एकूण ६० आणि प्रत्येक विषयात ५०. एकूण तुझं बसतं, पण फिजिक्सच्या ४६ ने तो रस्ता बंद केला. टेक्निकल मिळणं तुझ्या फायद्याचं. वाहनं, रेडिओ, यंत्रसामग्री यांवर चार वर्षं हात बसलेला माणूस बाहेर आल्यावर लवकर कामाला लागतो.

२०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम आहे. पूर्वी उलटं होतं. गावातले जुने लोक अजून 'आधी पळून दाखव' म्हणतात, त्यांच्या नादाने पुस्तक बाजूला टाकू नकोस. जनरल ड्यूटीला एका तासात ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चुकीला अर्धा गुण वजा. अलीकडे ही परीक्षा मराठीतूनही देता येते. फॉर्ममध्ये भाषा निवडताना घाईत इंग्रजीच निवडलेली राहते, तेवढं तपास. अर्जाची फी २५० रुपये.

लेखीनंतरचा भरती मेळावा, म्हणजे मैदानी चाचणी, तुमच्यासाठी कोल्हापूरच्या भरती कार्यालयामार्फत. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवाही त्याच कार्यालयाकडे येतात.

मैदानाचा हिशेब नीट समजून घे, कारण मुलं सगळी ताकद धावण्यावर लावतात आणि गुण भलतीकडे असतात. १.६ किमी ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत आलास तर ६० गुण. ५:३१ ते ५:४५ ला ४८. पुढे आणखी कमी. बीमवर दहा मारले तर ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग तोल हे नुसते पास व्हायचे. म्हणजे धावण्यात पहिल्या गटातून दुसऱ्यात घसरलास तर १२ गुण गेले, आणि बीम दहाऐवजी सहा मारलेस तर २४ गेले. तू बीमची संख्या प्रश्नात कंसात टाकावी तशी 'चार' लिहिलीस. चारला पासही होत नाहीस.

बीम वाढवायला एक जुनी आणि हमखास रीत आहे. स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर आण आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली ये, हात पूर्ण सरळ होईपर्यंत. असे पाच, पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पंजे पुढे करून पकड, खांद्याच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त. झटका देऊन, पाय हलवून मारलेला बीम मोजला जात नाही, आणि अर्ध्यातून हात वाकवून पुन्हा वर गेलास तर तोही नाही. घरी बारा मारणारी मुलं मेळाव्यात सातवर थांबतात ती याच कारणाने. सराव मोजताना दुसऱ्याला समोर उभं कर आणि 'हात सरळ' असं त्याने म्हटल्याशिवाय पुढचा मारू नकोस. दांडा जाड असेल तर पकड आधी दमते. मेळाव्यातला दांडा कसा असेल ते आपल्या हातात नाही, म्हणून अधूनमधून जाड पाइपावरही लटक.

आता धाव. ५:३० म्हणजे ३३० सेकंद. ४०० मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. तू आज ६:०५ ला येतोस, म्हणजे फेरीला एक्क्याण्णव. नऊ सेकंद काढायचे आहेत. पण लक्ष्य ५:३० ठेवू नकोस, ५:१५ ठेव. कारण मेळाव्यात मोठा घोळका एकदम सुटतो आणि आतली कड मिळत नाही. कडेपासून एक मीटर बाहेरून धावलास तर प्रत्येक पूर्ण फेरीत सहा मीटरहून थोडं जास्त अंतर पडतं, चार फेऱ्यांत पंचवीस मीटर, आणि तुझ्या वेगाने ते पाच सेकंद होतात. म्हणजे नुसत्या बाहेरून पळण्याने ५:२८ चा मुलगा ५:३३ ला येतो आणि १२ गुण घालवतो.

सोळा आठवडे धर. पहिले चार आठवडे वेग विसर. आठवड्याला चार दिवस ४ ते ६ किमी, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सावकाश. मुलांना हे पटत नाही, रोज जीव तोडून १६०० मारतात, आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतात. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत एक दिवस ४०० मीटरच्या सहा फेऱ्या ८४-८५ सेकंदांनी, मध्ये दोन मिनिटं चाल. एक दिवस ८०० चे तीन. एक दिवस लांब, ७-८ किमी. हळूहळू ४०० ची वेळ ८० पर्यंत उतरव. घड्याळ लावून पूर्ण १६०० तीन आठवड्यांतून एकदाच. शेवटच्या आठवड्यात निम्मं कर. शर्यतीत पहिली फेरी ७८ च्या आत जाऊ देऊ नकोस. घोळक्याबरोबर सत्तरमध्ये गेलेला मुलगा चौथ्या फेरीत शंभरावर जातो.

डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी पळू नकोस, मातीचं मैदान किंवा कालव्याकडेचा रस्ता बघ. नडगीच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर ते नुसतं अंग दुखणं नव्हे, हाडावर ताण आलाय. थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. वेदनाशामक खाऊन पळणं म्हणजे हाड मोडेपर्यंत पळणं. मैदानाबाहेर मिळणारी 'दम वाढवायची' इंजेक्शनं आणि गोळ्या यांच्या वाटेला तर मुळीच जायचं नाही. सापडलास तर भरती गेली, आणि उन्हात जीवही जातो. मेळाव्याला बहुधा मध्यरात्रीनंतर बोलावतात, धाव पहाटे. म्हणून महिनाभर आधीपासून पहाटेचाच सराव ठेव आणि पळण्याआधी काय पोटाला मानवतं, केळं, गूळ-शेंगदाणे की काहीच नाही, ते घरी ठरवून टाक.

उंचीची महाराष्ट्रातली जनरल ड्यूटीची अट १६८ सेंमी, छाती ७७ आणि फुगवून पाच वाढ. १६९ म्हणजे तू एका सेंमीवर उभा आहेस. उंची अनवाणी मोजतात, आणि दिवसभर उभं राहिलं की पाठीचा कणा दबून ती थोडी उतरते. रात्रभर मैदानाबाहेर उभं राहण्यापेक्षा जमेल तेव्हा आडवा पड.

कागदपत्रांत जितकी मुलं जातात तितकी धावण्यात जात नसतील असं वाटावं, इतका घोळ असतो. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. एकावर 'रामचंद्र', दुसऱ्यावर 'रामचंद्रराव'. आईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. फौजेला दहावीचं प्रमाणपत्र हा पाया. आधार त्याच्याशी जुळवून घे आणि हे आत्ता कर, अर्जाच्या आठवड्यात नको. बाकी रहिवासी दाखला, जातीचा दाखला, सरपंच किंवा पालिकेचा चारित्र्याचा दाखला (सहा महिन्यांच्या आतला), शाळा-कॉलेजचा चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, पांढऱ्या पार्श्वभूमीचे वीस फोटो. प्रतिज्ञापत्राचा नमुना अधिसूचनेतलाच वापर, टायपिंगवाल्याचा पोलीस भरतीचा नको. घरात कोणी माजी सैनिक असेल तर नात्याचा दाखला त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून आणावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. त्याचे आणि एनसीसीचे जादा गुण मिळतात. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचार, तिथे पैसे पडत नाहीत.

वैद्यकीय तपासणीत ज्या गोष्टी आधी दुरुस्त करता येतात त्यांनीच मुलं बाहेर पडतात, हे बघून हळहळ वाटते. कानातला मळ: पडदा दिसला नाही की तात्पुरता अपात्र. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून आधीच काढून घे, काडीने नको. किडलेले दात: चांगल्या दातांना गुण देतात, ते किमान १४ लागतात. हायड्रोसील, मूळव्याध: शस्त्रक्रिया करता येते, पण जखम पूर्ण भरायला महिने द्यावे लागतात, मेळाव्याच्या तोंडावर करून उपयोग नाही. सरळ उभं राहून गुडघे चिकटतात आणि घोट्यांत मोठं अंतर राहतं का, ओल्या पायाचा फरशीवर सगळा तळवा उमटतो का, रंगांचे ठिपके ओळखता येतात का, हे आज घरीच बघ. रंगांधळेपणा बरा होत नाही, तो असेल तर कुठल्या शाखेत चालतं ते आधी कळलेलं बरं. डोळ्यांवर लेझर करून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर वैद्यकीय निकष वाचल्याशिवाय हो म्हणू नकोस. आणि टॅटू: कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला किंवा पंज्याच्या मागे एवढंच चालतं, आदिवासी समाजाला परंपरेनुसार सूट. दंडावर महाराजांचं चित्र गोंदवून आलेला मुलगा त्या चित्रामुळेच परत जातो. अपात्र ठरवलं तर लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. मुदत थोडीच असते, कागद हातात पडला की त्याच दिवशी विचार.

आता वडिलांचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावं लागेल. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले ३० टक्के सेवानिधीत, हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी हातात २३,१००, तिसऱ्या २५,५५०, चौथ्या २८,०००, वर जिथे नेमणूक असेल तिथले भत्ते. चार वर्षांत तुझ्या पगारातून सेवानिधीत ५.०२ लाख जातात, सरकार तेवढेच घालतं, आणि शेवटी १०.०४ लाख अधिक व्याज, आयकर नाही. मध्येच सोडून आलास तर सरकारचा वाटा मिळत नाही. निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, माजी सैनिकाचा दर्जा, कँटीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) यातलं काही नाही. ४८ लाखांचा विमा आहे, हप्ता भरावा लागत नाही. सेवेमुळे मृत्यू आला तर त्यावर ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या काळाचं वेतन आणि सेवानिधी. अपंगत्व आलं तर प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख. हे आकडे वडिलांसमोर मांड, लपवू नकोस.

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढच्या पंधरा वर्षांसाठी कायम करतात. चारांतला एक. 'मी त्या एकात असेन' असं प्रत्येक जण धरून चालतो, म्हणून तू 'मी उरलेल्या तिघांत असेन' असं धरून आखणी कर. राहिलास तर आनंदच. डिसेंबर २०२२-जानेवारी २०२३ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीचीच चार वर्षं २०२६ च्या अखेरीला-२०२७ च्या सुरुवातीला पुरी होतात, त्यामुळे बाहेर पडलेल्यांच्या नोकऱ्यांचं जे काही ऐकशील ते तपासून घे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये २०२२ मध्ये १० टक्के राखीव जागा आणि वयात सवलत जाहीर झाली होती. राखीव जागा म्हणजे नोकरी नव्हे, परीक्षा द्यावीच लागते.

सगळ्यात मोठी चूक होते ती पदवीची. तू १९ ला गेलास तर २३ ला बाहेर. त्या वेळी हातात पदवी असेल तर सीडीएस (पदवीनंतर अधिकारी होण्याची परीक्षा) देता येते, डेहराडूनला २४ पर्यंत आणि चेन्नईच्या ओटीएला (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) २५ पर्यंत. फौजदाराची परीक्षाही देता येते. पदवी नसेल तर २३ व्या वर्षी बारावी पास आणि बँकेत दहा लाख, एवढंच. ते दहा लाख गावात चारचाकीत आणि लग्नात कसे जातात हे वडिलांना सांगायला नको. अग्निवीरांसाठी इग्नूची खास पदवी योजना जाहीर झालेली आहे. नाशिकचं मुक्त विद्यापीठही आहे. पहिल्या सहा-सात महिन्यांच्या प्रशिक्षणात पुस्तक उघडायला ताकद उरत नाही, बेळगाव असो की नाशिक रोड की अहिल्यानगर. युनिटमध्ये गेल्यावर परवानगी घेऊन नाव घाल.

आणि तोवर, म्हणजे आत्ता जूनमध्ये, कॉलेजात प्रवेश घे. कॉलेज निवडताना एकच गोष्ट आधी विचार: एनसीसीचं युनिट आहे का. 'बी' प्रमाणपत्र दोन वर्षांत, 'सी' तीन वर्षांत. अग्निवीरला जादा गुण मिळतात. आणि भरतीत यश आलंच नाही तर पदवीला ५० टक्के आणि 'सी' प्रमाणपत्र यांवर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला जाता येतं, तेही २५ व्या वर्षापर्यंत. हा रस्ता आपल्याकडच्या मुलांना माहीतच नसतो.

अकादमी लावायची असेल तर लाव. सातारा-सांगलीत त्यांना तोटा नाही. मैदान स्वतःचं आहे का, लेखीचा तास रोज होतो का, हे बघ. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर उलट्या पावली परत ये. 'आत आपला माणूस आहे' म्हणणाऱ्याला एक रुपयाही द्यायचा नाही. तुझी निवड झाली तर तो पैसे ठेवून घेतो, नाही झाली तर फोन उचलत नाही. दोन्ही वेळा त्याने काहीच केलेलं नसतं.

बहिणीचं मात्र लांबणीवर टाकू नका, कारण तिचं दार तुझ्यापेक्षा मोठं आहे. एनडीएत मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे आणि पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. अकरावी-बारावीत एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशिकला आहे. मुलांची तशीच संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. प्रवेश परीक्षेची जाहिरात दहावीच्या वर्षातच येते, निकालानंतर जाग येणाऱ्यांसाठी ती नसते. तिने आत्तापासून गणित आणि इंग्रजी धरावं, आणि दिवाळीनंतर संस्थेच्या वेबसाइटवर तुम्ही दोघांनी आळीपाळीने लक्ष ठेवावं. अग्निवीर महिला लष्करी पोलिसांची उंचीची अट १६२ सेंमी आहे, तिची मोजून ठेव.